टँपाच्या खाडीतली गुदमरती पहाट

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टँपा बेमध्ये जुलै-ऑगस्टात पाणी 30 अंश सेल्सिअसच्या वर जातं. खाडी ऐसपैस आहे, सुमारे 1000 चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. एवढं उथळ पाणी तापायला कितीसा वेळ लागणार! म्हणून गळ टाकणारी मंडळी एकमेकांना सांगतात, उन्हं चढायच्या आत पाण्यावर पोचा. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. माशाला नुसती उष्णता जाचत नाही, ऑक्सिजनची टंचाई जास्त जाचते. आणि ती टंचाई नेमकी पहाटे सगळ्यात तीव्र असते.

समुद्राच्या पाण्यात 15 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहतो, 32 अंशांना फक्त 6. उलट पाणी 10 अंशांनी तापलं की थंड रक्ताच्या माशाची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. आवक घटते आणि खर्च वाढतो, तोही एकाच वेळी.

दिवसा तळावरचं सागरी गवत आणि पाण्यातली सूक्ष्म शैवालं ऑक्सिजन सोडतात. सूर्य मावळला की ते काम थांबतं, श्वसन मात्र चालूच राहतं: गवताचं, शैवालाचं, माशांचं आणि चिखलातल्या जिवाणूंचं. रात्रभर पातळी घसरत जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास नीचांक गाठते. खेळत्या पाण्यात हे निभावून जातं. घरांमागच्या बंदिस्त कालव्यांत मात्र, विशेषतः आदला दिवस ढगाळ गेला असेल तर, ऑक्सिजन 2 मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकतो. अशा वेळी लहान मासे पृष्ठभागाला तोंड लावून भराभर पाणी ओढताना दिसतात. हवेला चिकटलेल्या त्या पातळ थरातच काय तो ऑक्सिजन उरलेला असतो. काही तासांत मेलेले मासे तरंगू लागतात आणि कुणीतरी विष सोडल्याचा संशय येतो. पुष्कळदा विष वगैरे काही नसतं, फक्त उकाडा, ढग आणि साचलेलं पाणी.

म्हणून उन्हाळ्यात मासा शोधायचा तो वाहत्या पाण्यात. मुंबईला उधाणाची भरती चार मीटरहून अधिक चढते, टँपात पाणी मीटरभरही चढत-उतरत नाही. त्यामुळे प्रवाह जिथे आवळला जातो त्या जागांना फार मोल येतं: खाडीमुखं, वाळूच्या दांड्यांमधल्या अरुंद वाटा, पुलांचे खांब. सनशाइन स्कायवेचा जुना पूल 1980 मध्ये जहाज आदळून कोसळला. त्याच्या उरलेल्या टोकांवर पुढे मासेमारीचे धक्के झाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे पाणी जोरात पळतं, भांगाच्या दिवसांत मंदावतं.

दुपारी आणखी एक खेळ सुरू होतो. शाळेत शिकलेले खारे वारे इथे दोन्ही बाजूंनी येतात, एक मेक्सिकोच्या आखातावरून, दुसरे अटलांटिकवरून. द्वीपकल्पावर त्यांची गाठ पडली की ढग उभे राहतात आणि वळीव कोसळतो. वारा पाणी घुसळतो, थोडा गारवा येतो. पण पाऊस जोराचा झाला तर गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं आणि तळापर्यंत हवा पोचू देत नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की गळाची काठी खाली ठेवून किनारा गाठावा. उघड्या पाण्यावर वीज पडायला सगळ्यात उंच तुम्हीच असता.

याच दिवसांत स्नूक नावाचा मासा प्रजननासाठी खाडीमुखाशी जमतो. अलिबाग-पेणकडच्या वाचकांनी त्याला आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊबंद समजावं. दोघेही खारफुटीत वाढतात, दोघेही नर म्हणून आयुष्य सुरू करतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले बरेच मादी होतात. अंडी घालायला दोघांनाही खारं पाणी लागतं. मोठा स्नूक मारणं म्हणजे बहुधा मादीच मारणं. ऐन उन्हाळ्यात त्याची पकड बंद ठेवतात ती याच काळजीने, आणि मला ती योग्य वाटते.

टार्पन या माशाची गोष्ट निराळी. त्याची वाताशय पिशवी, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुप्फुसासारखी चालते. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, त्याची चंदेरी पाठ क्षणभर वर वळते. त्याची पिल्लं खारफुटीतल्या कुजक्या, ऑक्सिजनहीन डबक्यांत वाढतात, कारण त्यांना खाणाऱ्या बऱ्याच माशांना तिथे श्वासच घेता येत नाही. एवढा काटक मासाही गळाशी तासभर झुंजला की पार थकतो आणि शार्कच्या तोंडी जातो. म्हणून 40 इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर उचलायला फ्लोरिडात कायद्याने मनाई आहे. ऊन तापलेलं असताना सोडून द्यायचा मासा धरायचा झाला तर दोर जाड घ्यावा, झुंज लवकर संपवावी आणि गरी पाण्यातच काढावी. मासा डोकं प्रवाहाकडे करून हातात धरावा, आणि तो स्वतः शेपूट मारून निसटेपर्यंत सोडू नये.