हरणाऱ्याची जागा

1789 च्या सप्टेंबरात, पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असलेले थॉमस जेफरसन एक वेगळेच गणित मांडत होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांचे मृत्यूचे तक्ते त्यांच्यासमोर होते. आज हयात असलेल्या 21 वर्षांवरील माणसांपैकी निम्मी माणसे किती काळात जग सोडून जातात, हे त्यांना काढायचे होते. उत्तर आले 18 वर्षे 8 महिने, म्हणजे ढोबळमानाने 19 वर्षे. अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांना पत्र लिहून त्यांनी सुचवले की कोणतीही राज्यघटना 19 वर्षांनी आपोआप संपली पाहिजे. पृथ्वी जिवंत माणसांची आहे, मागच्या पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, असा त्यांचा मुद्दा होता.

मॅडिसन यांना तो पटला नाही. पण दोन शतकांनंतर एल्किन्स, गिन्सबर्ग आणि मेल्टन या तीन अभ्यासकांनी 1789 पासूनच्या जगभरातल्या राज्यघटनांची आयुष्ये मोजली, तेव्हा राज्यघटनेचे सर्वसाधारण आयुष्य सुमारे 19 वर्षेच निघाले. आकडा जुळला हा योगायोग, पण त्यातून दिसणारे चित्र अस्वस्थ करणारे आहे. एखादी घटना दोनशे वर्षे टिकते, आणि कितीतरी घटना त्या लिहिणारी पिढी हयात असतानाच मोडून पडतात.

म्हणूनच नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने ‘जगातली सर्वांत चांगली शासनपद्धती कोणती’ यावर फार काळ खल करावा असे मला वाटत नाही. त्याहून कळीचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या निवडणुकीत जो हरेल, तो दुसऱ्या निवडणुकीची वाट का पाहील? त्याने शस्त्र का उचलू नये? या प्रश्नाचे उत्तर घटनेच्या उद्देशिकेत सापडत नाही. ते बरेचदा मते मोजण्याच्या नियमात दडलेले असते.

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो हा छोटा डोंगराळ देश 1966 मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. एका मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही ब्रिटिशांची निवडणूक पद्धत त्याने तशीच घेतली. 1970 च्या निवडणुकीत आपण हरतो आहोत असे दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी निवडणूकच रद्द केली आणि घटना स्थगित केली. पुढे 1986 मध्ये लष्कराने त्यांनाही हटवले. 1993 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. बासुटोलँड काँग्रेस पक्षाला सुमारे 75 टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या 65 पैकी 65. बासुटो नॅशनल पार्टीला 22 टक्क्यांहून अधिक मते होती, पण जागा एकही नाही. 1998 मध्ये सत्ताधाऱ्यांतून फुटून निघालेल्या नव्या पक्षाला सुमारे 61 टक्के मते पडली आणि 80 पैकी 79 जागा त्याच्या पदरात गेल्या.

विरोधक रस्त्यावर उतरले. मतमोजणीत लबाडी झाली, असा त्यांचा आरोप होता. चौकशीत तो निर्विवादपणे सिद्ध झाला नाही, पण 61 टक्के मतांना 79 जागा मिळालेल्या पाहिल्यावर कोणाचा विश्वास बसणार होता? सप्टेंबर 1998 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानाचे सैन्य देशात शिरले. राजधानी मासेरूत लुटालूट आणि जाळपोळ झाली.

इथे कोणी चोरी केली नसली, तरी असे होऊ शकते, हे नीट समजून घेतले पाहिजे. दहा मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात 60 विरुद्ध 40 असे मतदान झाले, अशी कल्पना करा. दहाही जागा 60 वाल्यांच्या. 40 टक्के लोकांचे प्रतिनिधित्व शून्य. हेच 40 टक्के मतदार देशाच्या एका कोपऱ्यात एकवटलेले असते, तर त्यांना तीनचार जागा सहज मिळाल्या असत्या. म्हणजे एकच नियम दोन देशांत दोन प्रकारे वागतो. पाठीराखे कुठे राहतात, यावर सगळे ठरते. लेसोथोत भाषा आणि समाज बव्हंशी एकच, त्यामुळे पक्षांचे बळ देशभर बरेचसे सारखे पसरलेले होते. भारतातही नियम हाच आहे. 1951-52 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला सुमारे 45 टक्के मतांवर 489 पैकी 364 जागा मिळाल्या. फुगवटा इथेही मोठाच होता, पण प्रदेशाप्रदेशात पाय रोवलेल्या पक्षांना सभागृहात शिरायला वाट राहिली. दुसऱ्या देशाचा नियम उचलताना त्या देशाचा भूगोल काही सोबत येत नाही.

नियम कोणता घ्यायचा हे ठरवणारे कोण, हा पुढचा प्रश्न. नामिबियात नोव्हेंबर 1989 मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. तिथे मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या गेल्या. स्वातंत्र्यलढ्याचे नेतृत्व करणाऱ्या स्वापो संघटनेला 72 पैकी 41 जागा मिळाल्या. बहुमत स्पष्ट होते, पण घटना मंजूर करायला दोनतृतीयांश, म्हणजे 48 मते लागणार होती. सात मतांची ती तूट मला त्या देशाच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. स्वापोला समोरच्यांशी बोलणे भाग पडले. विरोधकांनी स्वापोचाच मसुदा पायाभूत मानायला मान्यता दिली. स्वापोला हवा असलेला कार्यकारी राष्ट्राध्यक्ष मिळाला, पण दोनच कार्यकाळांच्या मर्यादेसह, आणि विरोधकांना हवे असलेले संसदेचे दुसरे सभागृहही आले. 9 फेब्रुवारी 1990 रोजी घटना एकमताने संमत झाली. पुढे 1998 मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांच्यासाठी घटना बदलून तिसऱ्या कार्यकाळाची सोय करण्यात आली, हेही खरे. पण ती सोय फक्त त्यांच्यापुरती होती आणि त्यानंतर ते पायउतार झाले.

घानामध्ये अशी तूट नव्हती. 1957 च्या घटनेत सत्ताधाऱ्यांना सहज बदल करता येऊ नयेत म्हणून अटी घातलेल्या होत्या. संसदेतल्या भक्कम बहुमताच्या जोरावर पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या पक्षाने दोन वर्षांच्या आतच, 1958 मध्ये, त्या काढून टाकल्या. 1960 मध्ये प्रबळ अध्यक्षपद आले, 1964 मध्ये एकपक्षीय राज्य आणि फेब्रुवारी 1966 मध्ये लष्करी उठाव.

अध्यक्ष की पंतप्रधान, हा वाद मात्र प्रत्येक नव्या देशात होतोच. त्याची इतकी स्वच्छ मांडणी मी दुसरीकडे वाचलेली नाही, जितकी 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केली. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेकडून दोन गोष्टी हव्यात, ती स्थिर हवी आणि जबाबदारही हवी. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असे ते म्हणाले. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, कारण अध्यक्ष ठरलेली मुदत पुरी करतो. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक, कारण प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून सरकारची परीक्षा रोज होते, ती केवळ निवडणुकीपुरती राहत नाही. मसुदा समितीने जबाबदारीला झुकते माप दिले. काय सोडून काय घेतो आहोत हे सभेसमोर उघड सांगितले गेले, हे मला त्या निर्णयाइतकेच महत्त्वाचे वाटते.

मधला मार्गही आहे. 2002 मध्ये स्वतंत्र झालेल्या पूर्व तिमोरने पोर्तुगालच्या वळणाची, लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला उत्तरदायी पंतप्रधान अशी जोड-पद्धत घेतली. 2006 मध्ये सुमारे 600 सैनिकांच्या बडतर्फीवरून सुरक्षा दलांत दुफळी माजली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शनाना गुस्माओ आणि पंतप्रधान मारी अल्कातिरी एकमेकांसमोर उभे ठाकले. सुमारे दीड लाख लोक घरदार सोडून गेले. अखेर अल्कातिरींनी राजीनामा दिला.

लेसोथोने 1998 नंतर काय केले, ते सांगायचे राहिले. सर्व पक्षांना बसवून निवडणुकीचा नियम नव्याने लिहिला गेला. 80 मतदारसंघ तसेच ठेवून वर 40 भरपाईच्या जागा जोडल्या. हिशेब असा की पक्षाला देशभरात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात 120 पैकी त्याच्या वाट्याला किती जागा येतात ते काढायचे, त्यातून मतदारसंघांत जिंकलेल्या जागा वजा करायच्या आणि उरलेली तूट भरपाईच्या जागांतून भरून द्यायची. 2002 मध्ये सत्ताधारी पक्षाला सुमारे 55 टक्के मते पडली. त्याचा वाटा 66 च्या आसपास येत होता, पण मतदारसंघांतूनच त्याने 77 जागा जिंकल्या होत्या. त्यामुळे भरपाईची एकही जागा त्याला मिळाली नाही. सगळ्या 40 जागा इतरांकडे गेल्या, त्यातल्या 21 एकट्या बासुटो नॅशनल पार्टीला.

या नियमाने त्या देशातले सगळे तंटे मिटले नाहीत. आघाड्या झाल्या आणि मोडल्या, 2014 मध्ये लष्कराने पुन्हा डोके वर काढले. पण त्याआधी, 2012 च्या निवडणुकीनंतर, 14 वर्षे पंतप्रधान राहिलेले पाकालिथा मोसिसिली बहुमताअभावी पायउतार झाले आणि विरोधी बाकांवर जाऊन बसले. मासेरू त्या वेळी जळले नाही.