पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन जमलेत की पळालेत?

इंडियम ऑक्साइड आणि टिन ऑक्साइड, दोन्ही पारदर्शक, दोन्ही वीज नेतात, दोन्ही एन-टाइप (म्हणजे वीज मुख्यतः इलेक्ट्रॉन नेतात), मग एन-टाइप आहे म्हणजे वरती डिप्लेशन लेयर (इलेक्ट्रॉनची टंचाई असलेला थर) असणारच असं धरून लोक पुढे जातात, आणि इंडियम ऑक्साइडवर शॉटकी डायोड (धातू लावून केलेला, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा जोड) करायला गेलं की कॉन्टॅक्ट ओहमिकच, म्हणजे दोन्ही दिशांनी सहज वीज नेणारा, निघतो.

आधी डिप्लेशन बघू, कारण ते रोजच्या वापरातलं आहे. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारा एमक्यू-२ गॅस सेन्सर म्हणजे आत तापवलेलं टिन ऑक्साइड. गरम दाण्यांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि दाण्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, पृष्ठभागाजवळ टंचाई होते, बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे पट्टे) वर वाकतात. मग एका दाण्यातून शेजारच्या दाण्यात जायचं तर इलेक्ट्रॉनला मध्ये भिंत लागते, म्हणून रेझिस्टन्स जास्त. एलपीजी आला की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रिअॅक्ट होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत आत येतात, रेझिस्टन्स धाडकन खाली. दाणे साधारण ६ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक असतील तर अख्खा दाणाच रिकामा होतो, म्हणून तर सेन्सरवाले बारीक दाण्यांच्या मागे असतात.

आता अॅक्युम्युलेशन, म्हणजे नेमकं उलटं. बँड खाली वाकतात आणि वरच्या काही नॅनोमीटरमध्ये इलेक्ट्रॉन आतल्यापेक्षा जास्त जमतात. डोप न केलेल्या इंडियम ऑक्साइडच्या सिंगल क्रिस्टलवर हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. कारण चार्ज न्यूट्रॅलिटी लेव्हल, म्हणजे जिथपर्यंत इलेक्ट्रॉन भरले की पृष्ठभागावर चार्ज उरत नाही ती ऊर्जेची पातळी. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ती बँडगॅपच्या (दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या फटीच्या) आत असते, इथे मात्र कंडक्शन बँडच्या (इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या पट्ट्याच्या) तळापासून सुमारे ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर. फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन साधारण जिथपर्यंत भरलेत ती पातळी) तिच्या खाली राहिली की पृष्ठभागावरच्या स्टेट्स (इलेक्ट्रॉनच्या जागा) आपले इलेक्ट्रॉन देऊन पॉझिटिव्ह होतात, आणि तेच इलेक्ट्रॉन खाली साचतात. टिन भरपूर घालून आयटीओ केलं की फर्मी लेव्हल वर चढते आणि हे साचणं कमी होत जातं. पातळ फिल्मवर हॉल मोजमाप (चुंबकीय क्षेत्र लावून इलेक्ट्रॉन किती ते काढणं) करताना याचं भान ठेवा, नाहीतर पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन तुम्ही आतले म्हणून मोजाल.

पण "इंडियम म्हणजे जमणार, टिन म्हणजे पळणार" असं पाठ करू नका हां. टिन ऑक्साइडवर सुद्धा अॅक्युम्युलेशन दिसलंय, वर काय चिकटलंय त्यावर बरंच ठरतं. म्हणूनच ओएलईडीसाठी (सेंद्रिय थरांतून प्रकाश देणाऱ्या डायोडसाठी) आयटीओच्या काचेला आधी ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन देतात, वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) वाढतं, होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पॉझिटिव्ह चार्जसारख्या वागणाऱ्या) आत घालणं सोपं जातं. फक्त काच हवेत पडून राहिली तर ते हळूहळू परत उतरतं, त्यामुळे पुढचा थर लगेच टाकायचा.