उताऱ्यावर खोडलं, दप्तरात उमटलं

सोसायटीत पीककर्जासाठी द्यायला सातबारा काढून आणला आणि घरी पोराने त्यावर पेनाने रेघोट्या मारल्या, तर रावेरकडचा केळीवाला शेतकरी घाबरत नाही. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद जिथल्या तिथे असते. बिघडला तो आपल्या हातातला कागद.

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरी याच रीतीने सांभाळतो. एकच फाइल दहा प्रोग्राम वाचत असतील तर सगळ्यांना मेमरीतलं एकच पान, म्हणजे तुकडा, दाखवायचं. कुणी लिहायला निघालं की त्याच्यापुरती प्रत काढून द्यायची. याला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. फार देखणी युक्ती आहे ही.

पण तिच्यात एक जुनी फट होती, आणि लिनक्सच्या २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून ती हल्ल्यासाठी वापरता येत होती. कर्नल हे काम एका दमात करत नाही. आधी प्रत काढतो, मग ‘प्रत झालीच आहे, परवानगी पुन्हा कशाला तपासू’ असं धरून पान पुन्हा शोधतो आणि लिहितो. हल्लेखोर एकाच प्रोग्रामचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी पळवतो. एक सारखा म्हणतो, ‘लिही’; दुसरा म्हणतो, ‘माझी प्रत फेकून दे’. असंख्य फेऱ्या वाया जातात. एखाद्या फेरीत मात्र प्रत नेमकी त्या दोन पावलांच्या मध्ये फेकली जाते. कर्नल पान शोधतो, हाती लागतं मूळ दप्तर, आणि तो त्यावरच लिहितो. जी फाइल साध्या वापरकर्त्याने फक्त वाचायची, ती बदलते. तिथून अख्ख्या यंत्राचा ताबा दूर नसतो.

‘कॉपी ऑन राइट’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (COW) या दोषाचं नाव पडलं ‘डर्टी काऊ’. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरक्षा संशोधक फिल ओस्टर यांनी तो उघड केला. आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या माहितीची ते नोंद ठेवत, आणि त्या नोंदीतच कुणीतरी वापरलेलं हत्यार सापडलं. म्हणजे चोर आधीच आत शिरत होते. दुरुस्ती करताना लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी लिहून ठेवलं, की ही चूक सुधारायचा प्रयत्न आपण ११ वर्षांपूर्वी केला होता, पण तो नीट साधला नाही आणि पुढे मागे घेतला गेला. ही कबुली मला फार मोलाची वाटते. नवी दुरुस्ती मोजक्या ओळींची: प्रत काढल्याची वेगळी खूण ठेवायची आणि ती प्रत खरंच जागेवर आहे ना, हे बघूनच लिहायचं.

अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. २०१७ मध्ये हीच फट वापरणारं ‘झेडएनआययू’ नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं. त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते.

आमच्याकडे भुसावळला नवा फोन आला की जुना आईकडे जातो, तिच्याकडून काकांच्या मळ्यात. केळीचे भाव त्यावरच येतात, बँकेचा ओटीपीही. गेल्या दिवाळीत त्या फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या दुरुस्तीची, तारीख पाहिली: जुलै २०१६, डर्टी काऊ उघड होण्याच्याही आधीची. त्याच रात्री काकांचं बँकेचं सिम काढलं आणि बटणांच्या साध्या फोनमध्ये घातलं.