युरेनसचे चंद्र आणि तिरका चुंबक

‘युरेनसच्या चंद्रावर महासागर, जीवसृष्टीची शक्यता’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यातला महासागर अजून कुणी मोजलेला नाही, आणि पाणी मिळालं म्हणजे जीवसृष्टी मिळाली असंही नाही. पण तो मोजण्याची युक्ती आहे, आणि ती बातमीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

युरेनसजवळ आजवर एकच यान गेलंय: व्हॉयेजर 2, 24 जानेवारी 1986 रोजी, तेही न थांबता. ग्रहाचा अक्ष 98 अंशांनी कललेला असल्याने तेव्हा सूर्य जवळजवळ दक्षिण ध्रुवासमोर होता. त्यामुळे चंद्रांचे उत्तरेकडचे भाग अंधारात राहिले. जेमतेम 470 किलोमीटर व्यासाच्या मिरांडा या चंद्रावर प्रचंड कडे आणि खाचांचे पट्टे दिसले, पण अर्ध्याच भागावर. 2022 मध्ये अमेरिकेच्या ग्रहविज्ञानाच्या दशकभराच्या आराखड्यात युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला मोठ्या मोहिमांत पहिलं स्थान मिळालं.

आता ती युक्ती. युरेनसचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे 59 अंशांचा कोन करतो, शिवाय तो ग्रहाच्या केंद्रातूनही जात नाही. ग्रह सव्वासतरा तासांत स्वतःभोवती फिरतो, तसं हे तिरकं क्षेत्रही गरगरतं. मोठे चंद्र विषुववृत्ताच्या जवळपास पातळीत फिरतात, म्हणून त्यांच्याजवळचं क्षेत्र सतत बदलत राहतं. मिरांडा त्याच दिशेने 34 तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे त्याला तीच स्थिती पुन्हा यायला सुमारे 35 तास लागतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक ठेवला की त्यात विद्युतधारा निर्माण होते, हे फॅरेडेचं प्रवर्तन आपण शाळेत शिकलोय. बर्फ वीज जवळपास वाहून नेत नाही, खारं पाणी नेतं. म्हणजे बर्फाखाली खारा समुद्र असेल तर त्यात धारा वाहतील आणि त्यांचं स्वतःचं, मूळ बदलाला विरोध करणारं क्षेत्र तयार होईल. जवळून जाणाऱ्या यानावरचा मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण, ते टिपेल.

गॅलिलिओ यानाने गुरूच्या युरोपा या चंद्राभोवती हेच टिपलं होतं, तेही गुरूचा चुंबकीय अक्ष जेमतेम 10 अंश कललेला असताना. शनीचा चुंबकीय अक्ष तर परिवलनाच्या अक्षाशी इतका जुळलेला आहे की त्याच्या एन्सेलाडस या चंद्रावर ही पद्धत चालतच नाही. या बाबतीत युरेनससारखी प्रयोगशाळा नाही. मात्र एका फेरीत भागणार नाही. क्षेत्राच्या वेगवेगळ्या स्थितींत पुन्हा पुन्हा जवळून जावं लागेल, तरच समुद्राचा संकेत आणि ग्रहाचं स्वतःचं क्षेत्र वेगळं करता येईल.

अडचण वेळेची आहे. युरेनसपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या साडेतीनशेव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून यानाला विजेसाठी प्लुटोनियम-238 हे किरणोत्सारी इंधन लागतं आणि ते फार सावकाश तयार होतं. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाची मदत मिळणारी 2031-32 ची उड्डाणाची संधी गाठणं म्हणूनच अवघड. उशीर चालेल, पण 2050 च्या सुमारास युरेनसवर विषुवदिन आहे, म्हणजे सूर्य विषुववृत्तासमोर येईल. त्यानंतर उत्तर ध्रुवांचे प्रदेश पुन्हा 42 वर्षं अंधारात जातील.