लांडग्याची ओळ कुठल्या अनुसूचीत?

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या दाट रानात भीमगड अभयारण्य आहे, पण लांडगा त्या रानाचा नव्हे. तो पूर्वेला, अथणी-सौंदत्तीकडच्या कोरड्या माळांचा. गायरान, पडीक जमीन, कुरण हेच त्याचं घर, आणि ते बहुतेक अभयारण्यांच्या हद्दीबाहेर. म्हणून त्याची भिस्त जागेवर नाही, कायद्यातल्या एका ओळीवर आहे: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, अनुसूची एक, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी.

लांडगा मेंढ्या मारतो म्हणून ही ओळ अनुसूची दोनमध्ये सरकवायची मागणी झाली, तर हरकत घेण्याआधी त्यानं काय होईल, ते कलमं उघडून पाहावं. कलम 11 नुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मारायची परवानगी मिळते; धोकादायक प्राणी असेल तर तो पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री व्हावी लागते. दुसऱ्या अनुसूचीसाठी ‘मालमत्तेला धोका’ एवढंही पुरतं. शेळी-मेंढी ही मालमत्ताच. त्यापुढे कलम 62: दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी ‘उपद्रवी’ जाहीर करू शकतं आणि तेवढ्या काळापुरतं त्याचं संरक्षण संपतं. अनुसूचीतला बदल कलम 61 खाली अधिसूचनेनं होतो. संसदेत विधेयक येईल तेव्हा बघू म्हणून थांबलेल्याला राजपत्रातच बातमी कळायची.

संरक्षण उठल्यावर गोष्टी किती लवकर हाताबाहेर जातात, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिननं दाखवलं. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या लांडग्यांचं संघीय संरक्षण उठलं. फेब्रुवारीत परवानाधारक शिकाऱ्यांचा कोटा होता 119. तीन दिवसही झाले नाहीत तोवर 218 लांडगे मेले. शिकारीची नोंद द्यायला 24 तास, हंगाम बंद करण्याआधी सूचना 24 तास. ताजं बर्फ आणि शिकारी कुत्रे मदतीला. कोटा कागदावर राहिला. शिवाय तो विणीचा हंगाम होता.

आपल्याकडे पिल्लं साधारण हिवाळ्यात बिळात असतात. त्या दिवसांत मादी गेली की पिल्लंही जातात. जोडी मेली तर कळपच मोडण्याची शक्यता असते.

धनगराचं नुकसान खोटं नाही. ते नाकारणारी हरकत टिकत नाही आणि टिकूही नये. पण प्रत्येक मेलेलं कोकरू लांडग्याचंच नसतं. मोकाट कुत्र्यांचंही असतं. कुत्र्यांच्या हल्ल्यात बहुधा मागचे पाय, शेपूट, कान फाटलेले आणि बरीच जनावरं चावलेली दिसतात. लांडगा सहसा नरडं धरतो, आणि छोटं कोकरू असेल तर उचलूनच नेतो. म्हणून मेलेलं जनावर हलवू नये. जखमांचे आणि ठशांचे फोटो काढावेत (ठशाशेजारी काडेपेटी ठेवावी, मापाला), वनविभागाला लगेच कळवावं, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि पंचनामा करून घ्यावा. याच कागदांवर भरपाईची मागणी उभी राहते आणि हरकतही. ‘लांडग्यांनी शंभर मेंढ्या खाल्ल्या’ असा दावा आला, तर त्यातले किती पंचनामे लांडग्याचे, हे विचारता आलं पाहिजे.

अनुसूचीतल्या बदलाचा मसुदा हरकतींसाठी निघाला, तर मुदत पाहून लिहावं: कुठल्या कलमाला विरोध, का, त्याऐवजी काय हवं. वेळेवर भरपाई, रात्री वाघर (जाळी) लावून मेंढवाडा, माळांवरचं अतिक्रमण थांबवणं. विधेयक आलंच, तर संसदीय समित्या निवेदनं साधारणपणे इंग्रजीत किंवा हिंदीत मागवतात, तेव्हा मराठी मसुद्यावर थांबू नये. आणि एक प्रत सीमेपलीकडे, सांगली जिल्ह्यातल्या जतकडच्या मेंढपाळांनाही द्यावी. अथणीतून माळ ओलांडलेला लांडगा महाराष्ट्रात जातो, मारायच्या परवानगीचा अधिकार बंगळूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून नागपूरच्या रक्षकांकडे सरकतो. अनुसूची मात्र दोन्हीकडे तीच.