उंच प्रतिस्पर्ध्याच्या जॅबला उत्तर : एका डावपेचाची पार्श्वभूमी

उंच आणि लांब हातांचा मुष्टियोद्धा आपला पुढचा हात सरळ रेषेत मारत राहिला की त्याच्यासमोरचा ठेंगणा खेळाडू दुहेरी अडचणीत सापडतो. पुढच्या हाताचा हा सरळ ठोसा, म्हणजेच जॅब, फार जोराचा नसतो. परंतु तो प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळ असलेल्या हातातून निघतो, शरीराचा तोल फारसा न ढळू देता मारता येतो, आणि समोरच्याला त्याचे स्वतःचे ठोसे पोहोचणार नाहीत अशा अंतरावर रोखून धरतो. या अडचणीवर आज प्रशिक्षक जे उपाय शिकवतात, ते कोणा एकाला एकदम सुचलेले नाहीत. त्यांतील बरेचसे एखाद्या विशिष्ट लढतीच्या तयारीत घडत गेले, आणि या साऱ्याच्या मुळाशी नियमांतील एक बदल आहे.

उघड्या मुठींच्या काळात, म्हणजे इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटनने १७४३ साली घातलेल्या नियमांनुसार आणि १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांनुसारही, प्रतिस्पर्ध्याला कमरेच्या वर धरून खाली पाडण्यास मुभा होती. पकड बसली की अंतर संपे, त्यामुळे लांब हाताला निर्णायक महत्त्व येत नसे. जेमतेम ५ फूट ७ इंच उंचीचा डॅनियल मेंडोझा बाजूला सरकणे, ठोसा अडवणे आणि लगेच उलटा ठोसा मारणे यांच्या बळावर १७९० च्या दशकात विजेतेपदापर्यंत पोहोचला. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने त्याला हरवले, तेही त्याचे लांब केस एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने ठोसे लगावून. जॅक्सन उंचही होता आणि वजनदारही. पण मेंडोझाला दूर ठेवून नव्हे, तर जवळ खेचून तो जिंकला, ही बाब त्या काळाच्या खेळाविषयी पुष्कळ काही सांगते.

१८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी हे चित्र पालटले. हातमोजे आले, तीन मिनिटांच्या फेऱ्या आल्या आणि कुस्तीसारखी पकड निषिद्ध ठरली. ठेंगण्या खेळाडूचे अंतर मिटवण्याचे जुने साधन त्यामुळे गेले आणि अंतर राखू शकणाऱ्याचे पारडे जड झाले. ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जेम्स कॉर्बेटने जॉन सलिव्हनला २१ व्या फेरीत गारद केले, ती या नियमांखाली हातमोजे घालून झालेली हेवीवेट विजेतेपदाची लढत होती. सलिव्हन जोरदार ठोशांवर विसंबून पुढे येत राहिला आणि त्याच्याहून सुमारे तीन इंचांनी उंच असलेला कॉर्बेट डावा हात मारून दूर होत राहिला. पुढच्या पिढीतील प्रत्येक ठेंगण्या योद्ध्यापुढे हाच प्रश्न नव्याने उभा राहणार होता.

त्याचे पहिले गाजलेले उत्तर जॅक डेम्प्सीने ४ जुलै १९१९ रोजी ओहायो राज्यातील टोलेडो येथे दिले. जेस विलर्ड ६ फूट ६ इंचांहून उंच होता आणि त्याचे वजन ११० किलोंच्या आसपास होते. डेम्प्सीची उंची ६ फूट १ इंच आणि वजन सुमारे ८५ किलो. डेम्प्सीने आरंभी अंतर राखून अंदाज घेतला, मग खाली वाकून तो आत शिरला, आधी शरीरावर आणि मग जबड्यावर मारा केला, आणि पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला. या लढतीची आठवण काढताना एक गोष्ट बहुधा निसटते. पडलेल्या खेळाडूजवळच उभे राहून तो उठताक्षणी पुन्हा मारण्यास तेव्हा कोणी हरकत घेत नसे, त्यामुळे डेम्प्सीला आत शिरण्याचे कष्ट पुन्हा पुन्हा घ्यावे लागले नाहीत. प्रतिस्पर्धी पडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जाण्याचे बंधन नंतर आले आणि प्रत्येक वेळी अंतर नव्याने ओलांडणे भाग पडले. माझ्या मते, कमी उंचीच्या आक्रमक खेळाडूचे या नियमाने केलेले नुकसान पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

जॅबखालून आत शिरणे हा झाला एक मार्ग. त्याच्या वरून मारण्याचा मार्ग जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने दाखवला. जो लुईचा जॅब अतिशय प्रभावी होता, पण तो मारल्यावर लुईचा डावा हात परत येताना खाली घसरतो, हे श्मेलिंगने हेरले. १९ जून १९३६ रोजी त्याने त्याच फटीतून उजव्या हाताचे ठोसे मारत चौथ्या फेरीत लुईला खाली पाडले आणि बाराव्या फेरीत लढत संपवली. या दोघांच्या उंचीत फारसा फरक नव्हता, तरीही आपल्या विषयासाठी ही लढत महत्त्वाची आहे. कारण जॅबचा दुबळा क्षण तो सुटताना नव्हे, तर परत येताना असतो, ही जाणीव तिने ठसठशीतपणे करून दिली.

या निरीक्षणाला शिस्तीचे रूप देणाऱ्यांमध्ये प्रशिक्षक एडी फच यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महंमद अलीशी लढणारा जो फ्रेझियर ५ फूट ११ इंचांच्या घरातला, तर अली ६ फूट ३ इंचांचा. फ्रेझियरच्या कोपऱ्यात मुख्य प्रशिक्षक यँक डरहॅम यांच्यासोबत फच होते. अली उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारताना ताठ उभा राहतो आणि त्याचा उजवा गाल उघडा पडतो, हे त्यांनी हेरले होते. त्या क्षणी डाव्या हाताचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, टाकायचा, अशी त्यांची सूचना होती. डोके सतत हलवत, खाली वाकत आणि शरीरावर मारा करत फ्रेझियर १५ फेऱ्या पुढे येत राहिला, शेवटच्या फेरीत त्याच्या हुकने अलीला जमिनीवर आणले आणि तिन्ही परीक्षकांचे निर्णय फ्रेझियरच्या बाजूने गेले.

दोन वर्षांनी, ३१ मार्च १९७३ रोजी, त्याच अलीसाठी फच यांनी वेगळीच योजना आखली. त्यांचा शिष्य केन नॉर्टन उंचीने अलीच्या बरोबरीचा होता, त्यामुळे वाकून आत शिरण्याची गरज नव्हती. अली जॅब मारताना उजवा हात हनुवटीपाशी ठेवत नाही, म्हणून त्याच्या जॅबबरोबर आपलाही जॅब मारायचा आणि त्याचा ठोसा आपल्या उजव्या हाताने अडवायचा, असे नॉर्टनला शिकवले गेले. नॉर्टन जिंकला आणि अलीचा जबडा मोडला. जॅबला चुकवून जाण्याऐवजी त्याच लयीत जॅबने उत्तर देणे, हा उपाय ऐकायला साधा वाटतो. परंतु तो पेलण्यासाठी पाय योग्य जागी असावे लागतात आणि क्षणाचाही विलंब चालत नाही.

खाली वाकून पुढे येण्याच्या शैलीची मर्यादा मात्र त्याआधीच उघड झाली होती. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला हातांनी ढकलून अंतरावर ठेवले, वाकलेल्या डोक्याखालून अपरकट मारले आणि दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. ज्या रेषेतून डोके वर येणार, ती एकदा ओळखता आली की वाकणे हेच संकट ठरते.

प्रशिक्षक कस डिअमॅटो यांच्या पद्धतीत या धोक्याचा विचार दिसतो. दोन्ही हातमोजे गालांपाशी, डोके प्रत्येक ठोशाच्या आधी आणि नंतर हललेले, आणि चुकवण्याच्या हालचालीतूनच पुढचा ठोसा निघालेला. ५ फूट १० इंचांच्या माइक टायसनने या पद्धतीने १९८६ साली वयाच्या विसाव्या वर्षी हेवीवेट विजेतेपद मिळवले. उंच प्रतिस्पर्ध्यांनीही त्यावर तोड शोधली. मार्च १९८७ मध्ये जेम्स स्मिथ हा टायसनला मिठी मारत राहिला. रेफरीने त्याचे गुण कापले, तो हरलाही, पण बारा फेऱ्या उभा राहिला. जुन्या नियमांत ठेंगण्याच्या उपयोगी पडणारी पकड आता क्लिंचच्या रूपाने उंच खेळाडूची ढाल झाली होती. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने मात्र मुख्यतः जॅबच्या जोरावर टायसनला रोखले आणि दहाव्या फेरीत गारद केले. त्या रात्री टायसनचे डोके पूर्वीसारखे हलत नव्हते आणि तो सरळ रेषेत पुढे येत होता.

अलीकडच्या काळात ओलेक्सांदर उसिकने हा प्रश्न पायांनी सोडवून दाखवला. डावखुरा असल्यामुळे त्याला पुढचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पावलाबाहेर टाकून जॅबच्या रेषेतून बाजूला होता येते, आणि पुढच्या हाताने तो समोरच्याचा जॅब निघण्याआधीच दाबून टाकतो. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे, त्याच्याहून सुमारे १५ सेंटिमीटरने उंच असलेल्या टायसन फ्युरीविरुद्ध त्याने आरंभीच्या फेऱ्यांत शरीरावर मारा केला. मधल्या फेऱ्यांत फ्युरीच्या अपरकटनी त्याला त्रास दिला, म्हणजे फोरमनचे जुने औषध पुन्हा कामी आले. पण नवव्या फेरीत फ्युरी दोरांच्या आधाराने कसाबसा उभा राहिला, रेफरीला मोजणी करावी लागली आणि परीक्षकांचा विभागलेला निर्णय उसिकच्या बाजूने लागला. २१ डिसेंबरच्या फेरलढतीत तिन्ही परीक्षकांनी त्याला ११६-११२ असे विजयी ठरवले.