कान्हेरीचा माथा

मुंबईत बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या वर असलेला उघडा कातळमाथा. उद्यानातील सर्वोच्च स्थान हे नव्हे, तो मान जांभूळमाळाकडे (सु. ४६८ मी.) जातो. येणारे बहुधा चैत्यगृह (क्र. ३) व दरबार लेणे (क्र. ११) पाहून परततात, वर क्वचितच कोणी चढते.

नाव : कान्हेरी हे ‘कृष्णगिरी’वरून आले, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे, हा ‘कृष्ण’ कोणता, एवढाच प्रश्न. लोकव्युत्पत्ती कान्होबाकडे बोट दाखवते. परंतु येथील प्राकृत शिलालेखांत ‘कण्हसेल’ असे रूप आढळते, आणि बौद्ध विहाराच्या डोंगराला गोपाळकृष्णाचे नाव पडले असण्याचा संभव कमीच. काळसर अग्निजन्य खडकावरून ‘काळा डोंगर’ हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. मात्र ‘सेल’ (शैल) या उत्तरपदापासून ‘-एरी’ निघत नाही. तेव्हा ‘कण्हगिरि’ हे रूपही बरोबरीने प्रचारात असले पाहिजे. त्यातील स्वरमध्यस्थ ‘ग’ लोपला, ‘अइ’चा ‘ए’ झाला, आद्य स्वर दीर्घ झाला, की कान्हेरी सिद्ध होते. ‘गिरि’ला लेखी आधारही आहे. चैत्यगृहासमोरील स्तूपात जेम्स बर्ड यांना १८३९ मध्ये मिळालेल्या, त्रैकूटक राजघराण्याच्या राजवटीतील ताम्रपटात ‘कृष्णगिरि महाविहार’ असा उल्लेख येतो. त्यातील संवत् २४५ हा कलचुरी-चेदी कालगणनेतला धरल्यास काल इ. स. ४९४–९५ च्या सुमारास पडतो, आणि तोच बहुतेकांनी स्वीकारला आहे.

माथ्याच्या उतारावर कातळात अरुंद पाट कोरलेले आहेत. पावसाचे पाणी त्यांतून लेण्यांच्या तोंडाशी असलेल्या टाक्यांत उतरते. लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले असून ती खोदवून देणे हे दान समजत. उताराचा अंदाज किती नेमका होता, हे मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत उभे राहून पाहावे : आधी पाट ओलावतो, मग बोटभर धार धरते, आणि थोड्या वेळाने खाली टाक्यात पाणी पडल्याचा आवाज येतो.

खाली डोंगराच्या दोन सोंडांमधली खोल घळ आहे. तिच्यातला ओढा पावसाळ्यात फेसाळतो, उन्हाळ्यात नुसते धोंडे उरतात. आग्नेयेस तुळशी तलाव (बांधकाम १८७९), त्याच्याही दक्षिणेस विहार तलाव.

डोंगराच्या एका कडेला पुढे आलेल्या कातळाच्या छपराखाली विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. पुराभिलेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी वाचलेल्या लेखांमुळे ते थेरांचे (ज्येष्ठ भिक्षूंचे) स्मारकस्तूप असल्याचे स्पष्ट झाले. दहाव्या शतकानंतरची माहिती तुटक आहे, लेणे क्र. ९० मधील पहलवी (मध्ययुगीन इराणी) भाषेतील लेख (इ. स. १००९ व १०२१) येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांची नावे सांगतात.